भाचीच्या लग्नाचे पाच केग

जानेवारीतल्या एका रविवारी भाचीचा फोन आला. ऑगस्टमधली तारीख पक्की झाली होती. सकाळी आपल्या पद्धतीचं लग्न, दुपारी पंगत आणि संध्याकाळी दोन्हीकडच्या माणसांसाठी मोकळी पार्टी, असा बेत होता. बोलता बोलता ती म्हणाली, "मामा, संध्याकाळची बिअर तू करशील? विकतची नको आम्हाला." नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा असतो. त्याच्या जोडीला हा दुसरा मान मिळाला, असंच मी ते घेतलं. फोन ठेवला आणि पाठकोरा कागद घेऊन यादी करायला बसलो. त्या पहिल्या यादीत अकरा बिअर होत्या. शेवटी चार केल्या. अकराच्या चार कशा झाल्या, ते इथे लिहितो आहे.

मी मूळचा कोल्हापूरजवळचा. अठरा वर्षांपासून अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या विलामेट खोऱ्यात राहतो. हा भाग हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या वेलांचा. सांगली-तासगावकडून जाताना द्राक्षांचे मांडव दिसतात, तसे इथे हॉप्सचे मांडव दिसतात, फक्त उंची साडेपाच मीटरच्या आसपास. वेल वर चढायला दोऱ्या बांधतात त्या काथ्याच्या असतात, नारळाच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा श्रीलंकेहून येतात. पहिल्यांदा एका शेतात ती दोरी हातात घेतली तेव्हा विहिरीच्या रहाटाची आठवण झाली आणि या पिकाशी माझं नातं जुळलं ते तिथेच. गेली बारा वर्षं मी घरी बिअर करतो. महिन्याला एखादी, स्वतःपुरती आणि मित्रांपुरती. लग्नासाठी कधी केली नव्हती.

कायद्याचं आधी सांगतो. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना १९७८ मध्ये त्यासाठीच्या कायद्यावर सही झाली. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर करता येते. विकता मात्र येत नाही, एक ग्लासही नाही. घराबाहेर नेऊन पाजण्याबद्दल राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. ओरेगनमध्ये २०१० साली यावरून मोठा गोंधळ झाला होता आणि २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून तो मिटवला गेला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे वाचावं, करू नये.

कायदा परवानगी देतो म्हणून जागेचा मालक देईलच असं नाही. भाचीने आधी एक सुंदर वाइनरी बघून ठेवली होती. तिथे विचारलं तर सरळ नकार आला. त्यांचा मद्यविक्रीचा परवाना असल्यामुळे बाहेरची दारू त्यांच्या आवारात आणता येत नाही. हे आगाऊ रक्कम भरायच्या आत कळलं म्हणून निभावलं. मग नवऱ्या मुलाच्या मावशीचं शेत ठरलं. एक जुनं लाकडी गोदाम, समोर गवताचं मोकळं पटांगण, मागे अक्रोडाची झाडं. एका दिवसाचा विमा काढला आणि बिअर ओतायला परवाना असलेली दोन माणसं पैसे देऊन ठेवली. नातेवाइकांना नळावर उभं करायचं नाही, हे माझं पहिल्यापासून ठरलं होतं. नातेवाईक कुणाला नाही म्हणू शकत नाही, आणि लग्नाच्या दिवशी कुणीतरी नाही म्हणणारं लागतं.

आता हिशेब. पाहुणे १३०. त्यातली पोरंटोरं २५. न पिणारे ४०, बहुतेक आमच्याकडचे. वाइनवाले पंधरा धरले. राहिले पन्नास. संध्याकाळी पाच ते दहा असे पाच तास, माणशी चार ग्लास, म्हणजे दोनशे ग्लास. माझा एक केग, म्हणजे नळ लावून बिअर काढायचं पिंप, १९ लिटरचा. ग्लास ३०० मिलीचा धरला तर कागदावर त्रेसष्ट भरतात, पण फेस आणि तळाचा गाळ वजा जाता पंचावन्न धरावेत. चार केग पुरेसे होत होते, वर एक धरून पाच. ग्लास मुद्दाम लहान ठेवला. ऊन्ह असतं, मोठ्या ग्लासातली शेवटची बिअर कोमट होते आणि माणूस ती गवतात ओतून नवी घ्यायला येतो. शिवाय लहान ग्लास असला की लोक चारही चव घेऊन बघतात.

पाच केग म्हणजे अकरा बिअर होऊच शकत नव्हत्या. तरी पहिल्या यादीतलं एकही नाव खोडायला माझा हात धजत नव्हता, कारण ती सगळी मला येत होती. यादी करताना मी लग्नातल्या माणसांचा विचारच केला नव्हता. मला काय काय करून दाखवता येतं, याची ती यादी होती. हे ध्यानात आलं तेव्हा नवा कागद घेतला आणि त्यावर माणसं लिहिली. नवऱ्या मुलाचे आजोबा, विस्कॉन्सिनचे, आयुष्यभर डब्यातली साधी लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली नेहमीची बिअर, प्यायलेले. व्याही, ज्यांना कडू आणि सुगंधी आवडतं. भाचीच्या कॉलेजच्या मैत्रिणी. पुणे आणि बंगळूरहून येणारी तिची चुलत-आते भावंडं, ज्यांना तिथल्या ब्रूपबमधली गव्हाची बिअर माहीत आहे. दाजी, जे वर्षातून दोनदा घेतात आणि गोडसर काहीतरी असेल तर संपवतात. आणि ताई, जी घेत नाही आणि मुलीच्या लग्नात दारू असावी हेच जिला सुरुवातीला पटलं नव्हतं.

ताईशी मी नीट बसून बोललो. तिचं म्हणणं मला मान्य होतं. सकाळचे विधी आणि दुपारची पंगत यांना दारूचा वाससुद्धा लागणार नाही, केग संध्याकाळी पाचला उघडतील, आणि नळ मांडवापासून लांब, गोदामाच्या पलीकडच्या अंगाला असतील, एवढं ठरवलं. "आणि जे घेत नाहीत त्यांच्यासाठीही तू स्वतः काहीतरी कर. त्यांच्या हातात नुसतं पाणी नको," ती म्हणाली. सहावा केग तिथे ठरला. कोकम सोड्याचा.

फेब्रुवारी ते एप्रिल मी चार-चार लिटरचे सात लहान घाणे केले. लहान घाण्याला वेळ जवळजवळ मोठ्याएवढाच लागतो, तरी मी ते सर्वांना सुचवीन. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी चौदा माणसांना घरी बोलावलं. बिअर भरलेल्या जगांवर फक्त आकडे लावले. कुठली बिअर कुठली हे सांगितलं नाही आणि कशी झाली हेही कुणाला विचारलं नाही. घरी केलेल्या वस्तूबद्दल विचारलं की लोक छानच म्हणतात. मी दोन तास नुसता जगांकडे बघत होतो.

धुरकट पोर्टरचं, म्हणजे एका काळपट बिअरचं, सर्वांत जास्त कौतुक झालं. व्याह्यांनी ती कशी केली ते विचारून घेतलं, भाचीच्या मैत्रिणीने फोटो काढला. पण एकानेही दुसरा ग्लास भरला नाही. संध्याकाळी त्या जगात तीन चतुर्थांश बिअर तशीच होती. उलट तीन नंबरच्या जगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही आणि तो पाऊण तासात रिकामा झाला. ती कोल्श होती. त्या दिवसानंतर मला निवड अवघड गेली नाही. पोर्टर मला स्वतःला फार आवडते, तिची आठवड्याची मेहनत आहे, पण लग्नात ती चार कौतुकाच्या शब्दांसाठी एक केग अडवून बसली असती.

आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, तीही त्याच दिवशी गळाली. ती चांगली झाली होती, पण सात टक्के होती. मावशीच्या शेतातून शहराकडे परतायला अर्ध्या तासाचा अंधारा रस्ता आहे. सगळ्या बिअर साडेपाच टक्क्यांच्या आत ठेवायच्या, हे मी तेव्हा ठरवलं आणि त्यावर कुणाचंच ऐकलं नाही. शिवाय परतीसाठी दोन व्हॅन ठेवल्या. आंबट बिअर भाचीला अतिशय आवडली, पण चौदात ती एकटीच. तिच्यासाठी त्यातल्या सहा बाटल्या बाजूला भरून ठेवल्या आणि यादीतून नाव काढलं.

आता राहिलेल्या चारांबद्दल.

कोल्श ही जर्मनीतल्या कोलोन शहराची बिअर. तिथल्या बिअर कारखान्यांनी १९८६ मध्ये आपसात करार करून हे नाव राखून ठेवलं आहे, म्हणून मी कार्डावर 'कोल्श पद्धतीची' असं लिहिलं. दिसायला लागरसारखी सोनेरी आणि नितळ, पण यीस्ट एलचं, म्हणजे लागरपेक्षा ऊबेत आंबवायच्या बिअरचं. ती १६ अंशाच्या आसपास आंबवतात आणि मग पाच-सहा आठवडे थंडीत ठेवतात. लागर करायला जो संयम आणि थंडी लागते, त्याच्या निम्म्यात ही होते. विस्कॉन्सिनच्या आजोबांना परकी वाटणार नाही आणि ज्याला बिअरमधलं कळतं त्यालाही पाणचट वाटणार नाही. हिचे दोन केग करायचे ठरवले. लग्नात एका बिअरचे दोन केग लावायचे तर ते सगळ्यात साध्या बिअरचे लावावेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरी गव्हाची, बेल्जियन विट. निम्मं जवाचं माल्ट, निम्मा मोड न आणलेला गहू, थोडे ओट्स, आणि उकळीच्या शेवटी धने व संत्र्याची साल. ही बिअर बेल्जियममध्ये जवळजवळ संपली होती. हूगार्डन गावातल्या पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. पुण्या-बंगळूरच्या पोरांच्या ओळखीची, उन्हात बरी लागणारी. ढगाळ असते, त्यामुळे वाहतुकीत हलली तरी बिघडत नाही, हा मोठा गुण.

हिच्या धन्यांची निवड माझ्या आईने केली. ती एप्रिलमध्ये कोल्हापूरहून आली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आल्यावर आठवड्याभरातच मी गॅरेजमध्ये घाणा लावला होता. माल्ट भरडून ६६ अंशांच्या पाण्यात भिजवलं होतं आणि त्याचा वास घरभर पसरला होता. ती दाराशी येऊन उभी राहिली. "हे काय शिजवायलायस रे?" मी झाकण उघडून दाखवलं. तिने चिमूटभर कोरडं माल्ट उचललं, दाताखाली फोडलं आणि म्हणाली, "सातूला मोड आणून वाळवलाय की हा. नाचणीचं सत्त्व असंच तर करत होतो आम्ही." मग पळीने थोडा रस बशीत काढून दिला. अजून त्यात हॉप्स नव्हते, यीस्ट नव्हतं, दारूचा थेंब नव्हता, नुसतं गोड पाणी. तिने फुंकर घालून एक घोट घेतला. "पातळ काकवी," ती म्हणाली. बारा वर्षांत मला वर्टसाठी, म्हणजे माल्टच्या या गोड रसासाठी, मराठी शब्द सापडला नव्हता, तो तिने एका घोटात दिला.

धन्याची दोन पाकिटं होती. एक सुपरमार्केटमधलं, गोल आणि तपकिरी दाण्यांचं. दुसरं आपल्या वाणसामानाच्या दुकानातलं, लांबट आणि हिरवट. तिने दोन्हीतले दाणे तळहातावर चोळून हुंगले. "हे नुसतं धन्याच्या पुडीसारखं वास मारतंय, ह्याला लिंबाचा वास आहे. हे घाल. आणि भाजू नकोस." ती बरोबर होती. आपले लांबट धने या बिअरला जास्त चांगले, त्यांचा सुगंध लिंबाकडे झुकतो. १९ लिटरला बावीस ग्रॅम धने, खलबत्त्यात फक्त फुटतील इतपत कुटलेले, शेवटच्या पाच मिनिटांत घातले. आईने आयुष्यात दारूला हात लावला नाही. ही बिअर तिनेही चाखली नाही, पण बिअरचा वास आईचा आहे.

तिसरी पेल एल, कास्केड हॉप्सची. हे हॉप्स आमच्या खोऱ्यातल्या कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या सरकारी संशोधन केंद्रातून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर आले, आणि अमेरिकेतल्या पेल एलला जो ग्रेपफ्रूटसारखा, म्हणजे पपनसाच्या जवळचा, वास असतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे रुळला. भाची याच खोऱ्यात वाढली, शाळेच्या बसमधून हॉप्सचे मांडव बघत. ही बिअर घेतली नसती तर लग्न कुठे झालं हे ग्लासातून कळलंच नसतं. हॉप्सचा सुगंध झपाट्याने उतरतो, म्हणून ही सगळ्यात शेवटी करायची. उलट कोल्शला थंडीत मुरायला वेळ लागतो, म्हणून ती आधी. निवडताना चव बघितली तशी ही उतरंडही बघावी लागते. माझ्याकडे आंबवायला एकच फ्रिज आहे, त्यात एका वेळी एकच भांडं मावतं. मे ते ऑगस्टचं कॅलेंडर भिंतीवर लावून चौकोन रंगवले आणि जूनमधला एक चौकोन मुद्दाम कोरा ठेवला.

चौथी माझ्या मनातली. गुळाची ब्राउन एल. आमच्या गावाला चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. रस काहिलीत उकळायला लागला की वर मळी येते, रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की ती गोळा होते आणि झाऱ्याने काढून टाकतात. बिअरची काकवी उकळताना अगदी तसाच तपकिरी फेस वर येतो, आणि ती नितळ व्हावी म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत आम्हीही एक समुद्री शेवाळ घालतो. पहिल्यांदा ते बघितलं त्या दिवसापासून गूळ घालून बिअर करायची होती.

फेब्रुवारीतला पहिला प्रयोग साफ फसला. १९ लिटरला एक किलो या प्रमाणात मी गूळ घातला होता. गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, गोडवा काही राहत नाही. बिअर पातळ झाली, तोंडाला करकरीत लागली आणि दारूचा टक्का तेवढा वाढला. मला गुळाची आठवण हवी होती, तीच त्यात नव्हती. दुसऱ्या वेळी गूळ चारशे ग्रॅमवर आणला, तोही उकळी संपताना घातला, आणि गोडसरपणासाठी कॅरॅमल माल्टवर भर दिला. माल्टचा गोडवा मागे राहतो आणि गूळ त्याला गुऱ्हाळाचा वास देतो. दाजींनी एप्रिलमध्ये त्या जगातून दुसरा ग्लास भरला तेव्हा मी काहीच बोललो नाही, पण मला फार बरं वाटलं.

मेच्या सुरुवातीला गुळाची केली, मग कोल्शचा पहिला केग. दोन्ही सरळ गेले. कोल्शचा दुसरा घाणा मात्र हातचा गेला. फ्रिजचं तापमान राखणाऱ्या यंत्राचा सेन्सर मी भांड्याच्या अंगाला टेपने चिकटवतो. दमटपणाने टेप सुटली, आणि दार लावताना सेन्सर बाहेर लोंबकळत राहिला. बाहेर गॅरेजमध्ये २४ अंश. यंत्राला वाटलं बिअर गरम आहे, आणि फ्रिज दोन दिवस थांबला नाही. मी उघडलं तेव्हा भांडं बर्फासारखं गार होतं, आत ३ अंश, यीस्ट तळाशी निपचित. भांडं हळूहळू ऊबेला आणलं, गोल फिरवून यीस्ट उठवलं, ते उठलंही. पण आंबणं संपल्यावर चव घेतली तर कच्च्या सफरचंदाचा वास स्पष्ट येत होता. आणखी तीन आठवडे थांबलो असतो तर कदाचित गेला असता. तेवढे आठवडे नव्हते. १९ लिटर बिअर मी मागच्या अंगणातल्या नालीत ओतली, त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कोऱ्या चौकोनात नवीन घाणा लावला. आता सेन्सर पट्ट्याने बांधतो, वर फोमचा तुकडा, आणि दार लावल्यावर एकदा हाताने चाचपून बघतो.

जुलैच्या सुरुवातीला विट आणि तिसऱ्या आठवड्यात पेल एल झाली. कोकम सोड्याचा केग लग्नाच्या आदल्या दिवशी भरला. भिजवलेल्या कोकमांचं दाट आगळ, साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, गाळून गाळून अगदी स्वच्छ केलेलं, नाहीतर नळी तुंबते. एक सावधगिरी: कोकम आणि जिऱ्याचा वास रबराच्या कड्यांत आणि नळीत असा बसतो की धुऊन जात नाही. त्या केगची नळी आणि नळ कायमचे वेगळे ठेवले.

लग्नाच्या तीन दिवस आधी कोल्शचे दोन्ही केग गाळ खाली सोडून दुसऱ्या स्वच्छ केगमध्ये दाबाने उतरवून घेतले. महिनाभर नितळ झालेली बिअर गाडीत वीस मिनिटं हलली की पुन्हा ढगाळ होते. सगळे केग शुक्रवारी रात्रीच शेतावर नेऊन बर्फात बसवले. गुरांना पाणी पाजायच्या दोन मोठ्या पत्र्याच्या टाक्या मावशींकडे होत्या. एका टाकीत तीन केग, गळ्यापर्यंत बर्फ. बर्फाचा माझा अंदाज कमी पडला, शनिवारी दुपारी पारा ३६ वर गेला आणि नवऱ्या मुलाच्या मित्राने दोनदा गावात जाऊन बर्फ आणला.

मांडवाला मुलाच्या मावशींनी हॉप्सचे वेल लावले होते, हिरव्या फुलांनी लगडलेले, काथ्याच्या दोरीसकट शेजारच्या शेतातून कापून आणलेले. शेतावरचे दोन्ही कुत्रे त्या दिवशी घरात कोंडून ठेवले, कारण हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. वेलांचा राळेसारखा वास आणि मुंडावळ्यांच्या मोगऱ्याचा वास एकत्र येत होता. भाचीचा हात धरून मी तिला त्या वेलांखालून बोहल्यावर नेलं. अंतरपाट धरलेला होता, पलीकडे फेटा बांधलेला जावई. तेव्हा बिअरचा विचारही डोक्यात नव्हता, आणि तसंच असायला हवं होतं.

पाच वाजता नळ उघडले. प्रत्येकासमोर ताईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड होतं, मराठीत आणि इंग्रजीत: नाव, दारूचा टक्का, आणि गहू किंवा गूळ जे काही असेल ते. विस्कॉन्सिनच्या आजोबांनी कोल्शचा ग्लास उन्हात धरून बघितला, एक घोट घेतला आणि खुर्ची टाकीच्या जवळ ओढून बसले. पुण्याच्या पोरांनी आठच्या आत विट संपवली. कोल्शचा दुसरा केग साडेनऊला कोरडा झाला. पेल एल एक तृतीयांश उरली, गुळाची निम्मी. पण सगळ्यात आधी संपला तो कोकम सोडा, साडेसहाला. न पिणारे चाळीस मी मोजले होते. पिणारेही मधून मधून तोच मागतील आणि व्याह्यांकडची मंडळी त्याचा रंग बघून रांग लावतील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. आईला शेवटचा अर्धा ग्लास मिळाला. तो केग दोनचा करायला हवा होता.

रविवारी सकाळी केग धुवायला गेलो तर जावई बाह्या सरसावून आधीच नळाजवळ उभा होता. त्याने एकेक केग उलटा करून पाणी काढलं, मी कडी सोडवून ब्रश फिरवला. गुळाच्या केगशी आलो तेव्हा तो थांबला. "मामा, हे ओतायचं नाही ना?" त्याने विचारलं, शब्द शोधत, मराठीत. ओतायचं नव्हतंच. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून ती बाटल्यांत भरली, पंचवीस झाल्या, आणि पेटीवर आईने खडूने लिहिलं: दिवाळसण.